ओरिजिनल हीटर

"ताई, हीटरसुद्धा ओरिजिनल आहे, यार! वर्कशॉपवाल्यांनी साफ करून, काळा रंग मारून दिलाय. बघशील तर ओळखणार नाहीस."

धाकटा भाऊ फोनवर बोलत होता. मी मेथी निवडत बसले होते. जुडी हातातून ताटात पडली.

"तो हीटर मी कुठेही ओळखीन," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी कौतुकाने बोलतेय. तो आणखीच खुलला. बाबांची जुनी विलायती गाडी त्याने गुरुग्राममधल्या एका वर्कशॉपला देऊन नव्यासारखी करून घेतली होती. व्हिंटेज म्हणून तिची नोंदणीही झाली होती. आता जुन्या गाड्यांची एक रॅली होती आणि तीत त्याला भाग घ्यायचा होता. तिथे म्हणे परीक्षक बॉनेट उघडून आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून बघतात, कुठला भाग मूळचा, कुठला बदललेला. मूळच्या भागांना मार्क. गाडीच्या काळाला शोभणाऱ्या कपड्यांनाही मार्क.

"म्हणून आईला पुढच्या सीटवर बसवणार आहे. नऊवारी, नथ, सगळं. कसली मस्त दिसेल!"

"कुठे बसवणार आहेस?"

"पुढे. माझ्या शेजारी."

"हीटर जोडून?"

"मग काय! ओरिजिनल आहे म्हटलं ना."

मी त्याला सांगितलं, रविवारी येते. मी तपासल्याशिवाय तो हीटर गाडीत चढवायचा नाही. तो हसला. "बिल्कुल. नोकरी संपली, पण सवय काही जात नाही तुझी." मी सरकारी प्रयोगशाळेत आयुष्यभर एकच काम केलं. गॅसच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह, नळ्या आणि सांधे यांच्यात दाब भरायचा आणि पाण्यात बुडवून कुठून काही निसटतंय का ते बघायचं. भावाला त्याची नेहमीच गंमत वाटत आली. "आमची ताई बुडबुडे मोजते," असं तो लोकांना सांगतो. लोक हसतात. मीही पूर्वी हसायची.

ती गाडी बाबांनी लिलावात घेतली होती. कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी परतला आणि त्याची गाडी विकायला निघाली. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी होते. आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये बहुतेकांकडे स्कूटर होती, त्यात ही लांबलचक, फिकट निळी गाडी आली. आणि तिच्यात हीटर होता. त्या काळी इथल्या गाड्यांत हीटर ही कुणी ऐकलेली गोष्ट नव्हती. जानेवारीत सकाळी बाबा गाडी चालू करायचे आणि शेजाऱ्यांना एकेक करून पुढच्या सीटवर बसवायचे. "हात खाली धरा. आली का गरम हवा?" शेजारी "वाह, साहब" म्हणायचे आणि बाबांचा चेहरा उजळायचा.

हीटर म्हणजे काय, तर एक लहानसा रेडिएटर. जाडजूड पुस्तकाएवढा. इंजिनात तापलेलं पाणी रबरी नळीने त्यात येतं, दुसऱ्या नळीने परत जातं, आणि मागचा पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो. मेकॅनिक त्याला हीटर कोर म्हणतात. आमच्या गाडीत तो डॅशबोर्डखाली होता, पुढे डावीकडे बसणाऱ्याच्या बरोब्बर पायांवर. तिथे आई बसायची.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला जातात, काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकापाशी. मी अकरा वर्षांची होते, भाऊ सातचा. आईने तिळाच्या वड्या केल्या होत्या, पोळीभाजी घेतली होती, पिण्याच्या पाण्याचा एक कॅन भरून घेतला होता. तिथे बाबांनी आम्हाला स्मारकाच्या खांबासमोर उभं करून लढाई समजावून सांगितली. थंडी अशी होती की बोटं दुमडत नव्हती. परत निघालो तेव्हा आईने चपला काढल्या आणि मोजे घातलेले दोन्ही पाय हीटरखाली नेऊन ठेवले. "आता जरा बरं वाटतंय," ती म्हणाली. ते वाक्य मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं, कारण त्यानंतर थोड्याच वेळात ती किंचाळली.

हीटर फुटला होता. उकळतं, गंजलेलं पाणी तिच्या पायांवर कोसळलं होतं. गाडीभर वाफ झाली, काचा पांढऱ्या झाल्या. बाबांनी गाडी जी.टी. रोडच्या कडेला घेतली. आई दार उघडून बाहेर पडली आणि मातीतच बसली. डावा मोजा पायाला चिकटला होता. मी तो ओढायला गेले, तर ती ओरडली, "नको, हात लावू नकोस!"

बाबा गाडीच्या पुढे गेले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

मी पळत मागे गेले आणि पाण्याचा कॅन घेऊन आले. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मला वाटलं, ते आईकडे जातील. ते बॉनेटपाशीच उभे राहिले.

आई म्हणाली, "अहो, थोडं पाणी पायावर टाका."

बाबा म्हणाले, "थांब. गाडीला लागेल. आधी इंजिन जरा निवू दे, मग भरतो. नाहीतर इंजिन जाईल."

तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडता येत नाही. म्हणून ते कॅन हातात धरून थांबले. पाणी होतं, ते बाबांच्या हातात होतं, आणि ते वापरलंही जात नव्हतं. आई रस्त्याच्या कडेला दातांत पदर धरून बसली होती, आणि तिचा नवरा इंजिन निवायची वाट बघत होता. मी "बाबा, द्या ना" म्हणून कॅनला हात घातला, तर त्यांनी मला कोपराने बाजूला केलं. मारलं नाही. नुसतं बाजूला केलं, माशी हाकलावी तसं.

शेवटी शेतातून एक बाई धावत आली. तिने काही न विचारता आईला काखेत धरून उठवलं आणि ट्यूबवेलकडे नेलं. पाय वाहत्या पाण्यात धरून ती बराच वेळ बसली. तिचं बोलणं आईला निम्मं कळत होतं, मला तेवढंही नाही. तिकडे बाबांनी हीटरकडे जाणारी नळी दोरीने आवळून बांधली, रेडिएटर भरला आणि हॉर्न वाजवला. हो, हॉर्न वाजवला. आम्हाला बोलवायला.

आई शाळेत शिकवायची. महिनाभर ती शाळेत गेली नाही. डाव्या पावलावरची कातडी बरी झाली ती चकचकीत, गुलाबी, आकसलेली. आजही तिला त्या पायात बंद बूट चालत नाही.

पण मला सगळ्यात जास्त चीड कशाची आहे सांगू? या प्रसंगाची बाबांनी गोष्ट केली. कोजागिरी असो, गणपती असो, दिल्लीतली चार मराठी घरं जमली की कुणीतरी म्हणायचं, "साहेब, ते पानिपतचं सांगा." आणि बाबा रंगवून सांगायचे. "संक्रांतीचा दिवस, पानिपतची वाट, आणि गाडीवरच संक्रांत! म्हटलं, झालं आमचं पानिपत. पण एक कॅन पाण्यावर गाडी दिल्लीपर्यंत आणली, राव!" लोक टाळ्या द्यायचे. त्या गोष्टीत दोरी होती, धुकं होतं, कॅन होता. आईचा पाय नव्हता. आई आतून बटाटेवडे तळून आणत असायची आणि गोष्ट संपेपर्यंत दारात थांबायची, मधे नको म्हणून.

भाऊ त्या गोष्टीवर वाढला. त्याला खरा प्रसंग आठवतच नाही, बाबांची गोष्टच आठवते. हीटर बाबांनी कश्मीरी गेटच्या एका मिस्त्रीकडून फुटलेल्या जागी डाग देऊन आणला आणि पुन्हा त्याच जागी बसवला. आई त्यानंतर कायम मागे बसली. बाबांना तो अपमान वाटला. "मी हिचा ड्रायव्हर," असं ते चारचौघांत म्हणायचे.

रविवारी मी गेले. भावाच्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत हीटर वर्तमानपत्रावर मांडून ठेवला होता, एखाद्या मूर्तीसारखा. आई खुर्चीत ऊन खात बसली होती. मी हीटर उलटा केला. काळ्या रंगाखाली जुन्या डागाची जाड शिवण बोटाला लागली.

"वर्कशॉपमध्ये कसा तपासला?" मी विचारलं.

"पाणी भरून ठेवला होता म्हणे. थेंबही नाही गळला."

"पाणी भरून ठेवणं म्हणजे तपासणं नाही. इंजिन तापलं की दाब चढतो."

"अच्छा, चलो, कर तुझं."

सायकलचा पंप आणि गेज मी घरूनच नेलं होतं. हीटरला दोन तोंडं असतात. एक मी रबरी बूच घालून, पट्टीने आवळून बंद केलं. दुसऱ्याला नळी, तिला गेज आणि पंप. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन हीटर बुडवला आणि रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेला असतो त्याहून थोडा जास्त दाब भरला. हवा आत, पाणी बाहेर. फट असेल तर बुडबुडा येतो.

आला नाही. गेजचा काटा जागच्या जागी.

"बघ!" भाऊ म्हणाला. "उगीच टेन्शन घेतेस. आई, तुझी सीट पक्की!"

"थंड पाण्यात काय कळणार? गरम पाणी आण."

"यार ताई, आता तू मुद्दाम..."

"गरम पाणी आण."

त्याने गीझरचं आणलं, मग स्वयंपाकघरातून पातेलंभर उकळतं आणून ओतलं. आदळआपट करतच ओतलं. पत्रा तापला की पसरतो, आणि दोन धातू जिथे जोडलेले असतात तिथे दोन्ही सारखे पसरत नाहीत. हीटर तापेपर्यंत मी थांबले आणि पुन्हा दाब भरला. जरा वेळ काही झालं नाही. मग त्या जुन्या शिवणीच्या टोकापासून बुडबुड्यांची एक बारीक माळ सुटली आणि सरळ वर आली. काटा हळूहळू खाली यायला लागला.

आई खुर्चीतून पुढे वाकून बघत होती.

"बारीक आहे गं," भाऊ म्हणाला. "आणि रॅलीत हीटर कोण लावणार आहे? त्याचा नळ बंद ठेवू."

"नळ एका बाजूला असतो. परतीच्या नळीतून पाणी आणि दाब आत पोचतोच. आणि आज बारीक आहे, तो शिवण उकलेपर्यंत बारीक. तेव्हा खाली कुणाचे पाय असतील?"

तो वैतागला. तिथल्या तिथे त्याने वर्कशॉपला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडचा माणूस घाईत होता.

"लीक है? तो क्या हुआ सर, कोर अपनी जगह लगा रहने दो, सूखा. दोनों पाइप आपस में जोड़ देंगे, पानी अंदर जाएगा ही नहीं. दस मिनट का काम है. देखने में ओरिजिनल ही रहेगा."

भावाने फोन ठेवला आणि टाळी वाजवली. "लो! प्रॉब्लेम सॉल्व्ह. दहा मिनिटांचं काम."

दाबाखाली काय फुटतं, हे शिकण्यात मी आयुष्य घालवलं, पण ही साधी गोष्ट मी कधी मनात आणली नव्हती. मला वाटत आलं होतं की बाबांपुढे दोनच रस्ते होते, नवा हीटर मिळवायचा, जो इथे मिळत नव्हता, नाहीतर जुना डागून वापरायचा. वीतभर रबरी नळी आणि दोन पट्ट्या. एवढ्यावर आईचे पाय कायमचे सुरक्षित झाले असते. ती पुढे बसली असती.

"बाबांना हे कुणीच सांगितलं नसेल?" मी म्हणाले. खरं तर ओरडलेच.

"त्या काळी कुठे एवढं..." भाऊ बोलायला लागला.

"सांगितलं होतं," आई म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो.

"कश्मीरी गेटच्या मिस्त्रीने सांगितलं होतं. मी गाडीतच बसले होते, पायाला बँडेज होतं. तो म्हणाला, साहब, मेमसाब का पैर देखो, पाइप जोड़ देता हूँ. हे म्हणाले, नहीं, फिर हीटर किस काम का? गाड़ी ओरिजिनल नहीं रहेगी."

"आणि तू?"

"मी काय? मी मागे बसायला लागले."

ती हे भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. मला तिचाही राग आला. मी म्हणाले, "एवढी वर्षं ती गोष्ट ऐकत वडे तळत राहिलीस? एकदा तरी बोलायचंस!"

आई माझ्यावर उखडली. "कुणाला बोलायचं होतं? टाळ्या देणाऱ्यांना? तू लग्न करून गेलीस, मला याच माणसाबरोबर राहायचं होतं. तुला आज राग येतोय, तो तुझा तू सांभाळ. माझा मी सांभाळला."

भावाने मधे पडून सगळं गोड करायचा प्रयत्न केला. बाबा काही वाईट नव्हते, त्या पिढीचे पुरुष असेच होते, गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, वगैरे. मी त्याला विचारलं, "हे तू कुणाला समजावतोयस? मला की आईला?" तो म्हणाला, "ताई, तुला मेलेल्या माणसाशी भांडायचंय." मी म्हणाले, "हो. जिवंत असताना भांडू दिलं नाही त्यांनी."

बाबा वाईट नव्हते, हे मलाही माहीत आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी त्यांनी कधी कुरकुर केली नाही. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायचे. पण त्यामुळे तो कॅन त्यांच्या हातातून सुटत नाही. उलट जास्तच राग येतो, कारण या माणसाला माया कशी करायची हे माहीत होतं.

आईने त्याच दुपारी सांगून टाकलं की ती रॅलीला येणार नाही. पुढेही बसणार नाही, मागेही नाही. भावाने हरप्रकारे मनवलं. आई म्हणाली, "तुला हौस आहे, तू जा. गाडी छान केलीयस. मला तिच्यात बसायचं नाही, आणि हे मी पहिल्यांदा सांगतेय, तर नीट ऐक." तो ऐकत राहिला. मग चप्पल घालून खाली गाडीपाशी निघून गेला.

शेवटी भावजय नऊवारी नेसून पुढे बसली. दोन्ही नळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, तेवढं त्याने माझं ऐकलं. रॅलीच्या दिवशी मी आईकडेच होते. आम्ही दोघींनी गाजराचा हलवा केला आणि गाडीबद्दल एक अक्षरही बोललो नाही.

संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आले. भावाच्या हातात कप, मागे निळी गाडी. खाली त्याने लिहिलं होतं: "बाबांची गाडी, हीटरसकट ओरिजिनल! आठवतंय ना, एक कॅन पाणी आणि पानिपत ते दिल्ली?" लगेच पुण्याहून, नागपुरातून, सगळीकडून हसणारे चेहरे यायला लागले. कुणी लिहिलं, काय माणूस होता! कुणी लिहिलं, ती गोष्ट पुन्हा एकदा होऊन जाऊ दे.

मग मी लिहिली. आईच्या शेजारी सोफ्यावर बसून, चष्मा लावून, एका बोटाने. मोजा कसा चिकटला होता, कॅन कुणाच्या हातात होता, आई काय म्हणाली, बाबा काय म्हणाले, ट्यूबवेलवरची बाई, हॉर्न, कश्मीरी गेटचा मिस्त्री. विशेषणं घातली नाहीत. प्रयोगशाळेत अहवाल लिहायचे तसं लिहिलं. पाठवायच्या आधी आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "डावा पाय लिही. नुसतं पाय नको." मी डावा लिहिलं आणि पाठवलं.

मग एका काकूंचा निरोप आला: "गेलेल्या माणसाबद्दल असं चव्हाट्यावर बोलू नये." त्याला तिघाचौघांनी अंगठा दिला. भावाचा फोन आला. "ताई, डिलीट कर. प्लीज. लोक काय म्हणतील बाबांना?"

"नाही करणार."

"आईला तरी विचार, तिला कसं वाटेल!"

मी आईकडे बघितलं. ती स्वतःच्या फोनवर काहीतरी टाइप करत होती. तिला मराठी टाइप करायला फार वेळ लागतो, जोडाक्षर आलं की ती थांबते. भाऊ माझ्या कानात बोलतच होता. तेवढ्यात ग्रुपवर आईचं नाव आलं.

तिने लिहिलं होतं, "सगळं खरं आहे."

भावाने ते तिकडे वाचलं असावं. बोलता बोलता मधेच त्याने फोन ठेवला. त्यानंतर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आला आणि सगळे त्याच्याकडे धावले.